दृष्टी कमी असणाऱ्यांसाठीचे गाइडेड वॉक, सहा वेळा जाऊन आल्यावरचा रिव्ह्यू

आधी माझं सांगते म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल. मला आरपी आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार. बाजूचं जवळजवळ सगळं गेलंय, मधे नळीतून बघावं तेवढं राहिलंय आणि उजेड उतरला की तेही नाही. म्हणजे हा रिव्ह्यू थोडंफार दिसणाऱ्या बाईचा आहे. पण ग्रुपमधे अजिबात न दिसणारे होते, मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला भाग गेलेले होते, जन्मापासून न दिसणारे एक काका होते, सहा वॉकमधे सगळ्यांशी भरपूर बोलणं झालं त्यामुळे त्यांचंही मधे मधे येईल.

सर्व्हिस अशी आहे. आठ नऊ किलोमीटरचा वॉक, डांबरी रस्ता फक्त सुरुवातीला आणि शेवटी, बाकी सगळं शेतांमधून, झाडीतून, एकदा टेकडीवर, दोनदा ओढा ओलांडून. प्रत्येकाला एक गाइड, शिवाय एक लीडर पुढे आणि एक माणूस सगळ्यात मागे. गाइड सगळे व्हॉलंटियर. गाइड कमी पडले तर एका गाइडला दोघं देऊन भागवत नाहीत, वॉकमधल्या जागाच कमी करतात. एकदा माझा नंबर असा गेला, तेव्हा राग आला होता, पण अरुंद वाटेवर एका गाइडला दोन बाजूंना दोन माणसं धरून चालताच येत नाही हे आता कळतं.

याच्या आधी मी दुसऱ्या एका ग्रुपबरोबर गेले होते, नाव लिहीत नाही. तिथे एका बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं आणि दोन तास मला ओढत नेलं, पायरी आली की दुसऱ्या हाताने पाठीला ढकलायच्या. सपाट रस्त्यावर गोल गोल फिरवलं, एका बाकावर बसवलं आणि विचारलं, छान वारा आहे ना? मनाने वाईट नव्हत्या त्या, पण घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. तुमचं मनगट कुणीतरी धरलंय आणि तुमचा पाय कुठे पडणार ते दुसरंच कुणीतरी ठरवतंय, ही काय भावना असते ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. बरोबर पद्धत उलटी आहे, आपण गाइडला धरायचं, गाइडने आपल्याला नाही. कोपराच्या जरा वर हलका हात ठेवायचा, गाइड अर्धं पाऊल पुढे असतो, त्यामुळे तो वर चढला, खाली उतरला, वळला, थबकला की ते आपल्या हाताला आधी कळतं आणि आपला पाय तयार राहतो. आणि नको वाटलं तर हात सोडता येतो. मला तर या सगळ्यात हे सोडता येणंच सगळ्यात मोलाचं वाटतं.

या लोकांची पहिली चांगली गोष्ट म्हणजे वॉकच्या चार दिवस आधी फोन येतो आणि फोनवर जे प्रश्न विचारतात ते कामाचे असतात. तुम्हाला कुठल्या बाजूने जास्त दिसतं, ऊन डोळ्यावर आलं की त्रास होतो का, कुठल्या कानाने नीट ऐकू येतं, तुमची उंची किती. उंची कशाला हवी असं मला वाटलं होतं, पण गाइड फूटभर उंच असेल तर त्याचं कोपर आपल्या खांद्याजवळ येतं आणि तासाभरात हात भरून येतो, म्हणून जोड्या लावताना ते बघतात. आणि शेवटचा प्रश्न, वाटेत बोललेलं आवडतं की गप्प चालायला आवडतं. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. दिसत नाही म्हटलं की लोक आपोआप बोलत सुटतात, जणू शांतता झाली की आपण घाबरून जाऊ.

ट्रेनिंगबद्दल लीडरशी बोलले होते. ते गाइडना डोळ्यावर पट्टी बांधून चालवत नाहीत, आणि मला ते पटतं. पाच मिनिटं पट्टी बांधली की माणूस फक्त भीती शिकतो, वर्षानुवर्षं न बघता जगणारी माणसं काय काय शिकलेली असतात ते त्याला त्यात कळत नाही, उलट आमच्याबद्दल कीव घेऊन घरी जातो. त्यापेक्षा नवीन गाइड पहिले दोन वॉक नुसते बरोबर येतात, ऐकतात, आणि तिसऱ्या वेळी आमच्यापैकी कुणाबरोबर तरी अर्धा तास चालून आमच्याकडूनच चुका ऐकून घेतात.

आता बोलण्याचं, कारण माझ्या मते अशा वॉकची अर्धी क्वालिटी गाइडच्या भाषेत असते. ‘जपून!’ हा शब्द बंद केला पाहिजे. कुणी जपून ओरडलं की ग्रुपमधले सगळे जागच्या जागी गोठतात, जपायचं कुणी, डोकं की पाय, डावीकडे की उजवीकडे, काही कळत नाही. तसंच ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘थोडं पुढे’. माझ्या वाट्याला आलेली गाइड ताई आधी ‘थांब’ म्हणते, मी थांबले की मग सांगते, डाव्या खांद्याशी काटेरी फांदी आहे, उजवीकडे अर्धं पाऊल सरकून ये. लांबचं काही असेल तर घड्याळाच्या काट्याने सांगते, दोन वाजता झाडी, अकरा वाजता गोठा, सरळ समोर म्हणजे बारा. आणि ‘बघ’ हा शब्द बिनधास्त वापरते. बघ, दिसलं का, पाहिलंस का हे आम्ही पण दिवसभर बोलतो, गाइड तो शब्द गिळून ‘अनुभवा’ वगैरे म्हणायला लागला की दोघांनाही अवघडायला होतं.

पहिल्या वॉकला दहा मिनिटं झाल्यावर तिने विचारलं, किती सांगू तुला? मी म्हटलं पायाखालचं सगळं सांग, बाकीचं मी विचारेन. दुसऱ्या वॉकपासून मीच जास्त जास्त विचारायला लागले. टेकडीवर पोचल्यावर तिच्या तोंडून पटकन ‘किती सुंदर आहे गं’ निघालं, मी म्हटलं त्याचा मला काय उपयोग, नीट सांग. मग ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, समोर डोंगरांच्या तीन रांगा एकामागे एक आहेत, पहिली हिरवी, दुसरी निळसर, आणि तिसरी डोंगर आहे की ढग आहे ते मलाही कळत नाहीये. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. दिसणाऱ्यालासुद्धा सगळं स्पष्ट दिसत नाही, ते तिने लपवलं नाही. त्या जन्मापासून न दिसणाऱ्या काकांना रंगांशी काही देणंघेणं नाही, तर त्यांच्या गाइडने त्यांचा तळहात घेऊन त्यावर बोटाने डोंगराची रेघ काढली, इथे चढ, इथे खिंड, इथे आपण उभे, इथून खाली जायचंय. काका घरी जाईपर्यंत मधे मधे स्वतःच्या तळहातावर ती रेघ गिरवत होते.

ओढ्याचं जरा सविस्तर सांगते कारण मी पुन्हा पुन्हा जाते ते त्यामुळे. पाच दगड होते. ताई म्हणाली, पाच आहेत, दुसरा हलतो, चौथा ओला आहे, पाणी घोट्यापर्यंत, पडलीस तर भिजशील एवढंच. ही शेवटची माहिती महत्त्वाची असते हे गाइड लोकांनी खरंच लक्षात घ्यावं, धोका किती मोठा आहे ते कळलं की आपणच ठरवतो घ्यायचा की नाही. मग ती पहिल्या दगडावर गेली, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि काठीच्या टोकाने दगडावर टक टक केलं. त्या आवाजाच्या दिशेने मी पाय टाकला आणि तो दगडावर पडला. ती दुसऱ्यावर गेली आणि मुद्दाम तो दगड हलवला, खाली गडगड वाजलं, म्हणाली एवढाच हलतो. मग तिसरा, पुन्हा टक टक. हात होता, पण धरलेला नव्हता, कमरेच्या उंचीवर तिने पुढे केलेला आणि माझी बोटं नुसती त्यावर टेकलेली. तिसऱ्या दगडावर मी म्हटलं थांब जरा. आणि मी ओढ्याच्या मधोमध उभी राहिले. डावीकडून पाणी वरून पडत होतं त्याचा आवाज बारीक, उजवीकडे ते खोलगट जागेत शिरत होतं तिथे जाड, आणि पायाखालून जाताना जवळजवळ आवाजच नाही. मागे चार माणसं खोळंबली होती आणि कुणीही चला चला केलं नाही. अकरा वर्षांनी मी वाहत्या पाण्यात उभी होते आणि मला कुणी उचलून पलीकडे ठेवलं नव्हतं.

शहरात मी रोज चालते, पण ते पडू नये म्हणून चालणं असतं. सगळं डोकं पायात आणि गाड्यांच्या आवाजात, दुसरं काही मनात येऊच शकत नाही. इथे पायाखालची जबाबदारी अर्धी कुणीतरी घेतं आणि डोकं मोकळं होतं, मग कान लांबवर जायला लागतात. झाडीतून उघड्या शेतात आलं की चेहऱ्यासमोरून काहीतरी उचलल्यासारखं वाटतं, आणि भिंत किंवा कडा जवळ आला की दाटल्यासारखं. मला वाटायचं हे गालाला कळतं, आणि खूप काळ लोकांची समजूतही तशीच होती, याला चेहऱ्याची नजर म्हणायचे. १९४४ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की चेहरा झाकला तरी अडथळा ओळखता येतो पण कान बंद केले की माणूस जाऊन आदळतो. म्हणजे सगळी करामत कानाची, आपल्या पावलाचा, काठीचा आवाज समोरून परत येतो तो. जेम्स होल्मन नावाचा एक ब्रिटिश नौदल अधिकारी होता, पंचविसाव्या वर्षी दृष्टी गेली आणि त्यानंतर काठीच्या टोकाचा आवाज ऐकत जगभर फिरला, १८५७ मधे वारला. घोडागाडीत बसून कंटाळा आला की गाडीला दोरी बांधून ती धरून मागे चालायचा म्हणे. पाऊलवाट इतकी अरुंद झाली की शेजारी चालणं अशक्य, तेव्हा ताई तिच्या सॅकला बांधलेला हातभर पट्टा मला देते आणि मी मागे चालते, त्या पट्ट्यातून तिच्या कमरेची वरखाली हालचाल कळते, चढ किती, उतार किती, आणि मला दर वेळी त्या दोरीवाल्या होल्मनची आठवण येते. शिवाय लीडरच्या सॅकला घंटी असते. एरिक वायहेनमेयर, एव्हरेस्टवर पोचलेला पहिला दृष्टिहीन गिर्यारोहक, २५ मे २००१, तोही पुढच्या माणसाच्या घंटीचा आवाज ऐकत चढायचा. आमच्याकडे एवढीशी टेकडी असते, पण पद्धत तीच.

झाडीत शिरताना एक गोष्ट ते करतात ती आरपीवाल्यांसाठी सोन्यासारखी आहे. उन्हातून सावलीत आलं की आम्हाला बराच वेळ काहीच दिसत नाही, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला फार वेळ लागतो, आणि सावलीत उन्हाचे पट्टे पडले असतील तर प्रत्येक पट्टा पायरी वाटते. पहिल्या वॉकला मी तशा खोट्या पायऱ्यांवर पाय उचलून उचलून टाकत होते, ताईने बघितलं आणि विचारलं काय होतंय. तेव्हापासून झाडीच्या तोंडाशी तीन मिनिटांचा ब्रेक असतो, पाणी प्यायचा, आणि कुणाला का थांबलोय ते विचारावं लागत नाही. मॅक्युला गेलेल्या एक मावशी आहेत, त्यांचं माझ्या बरोबर उलटं, मधलं गेलंय आणि कडेचं आहे. त्यांना वाटेची कड दिसते पण गाइडचा चेहरा दिसत नाही. एकदा आम्ही दोघी ब्रेकमधे शेजारी बसलो होतो, त्या म्हणाल्या उजवीकडे काहीतरी हललं, मी मान वळवून माझ्या नळीतून बघितलं, तर वासरू होतं. आम्ही दोघी मिळून एक वासरू बघितलं.

सामानाबद्दल थोडं. पांढरी काठी लांब वाली, पायापुढे डावीकडून उजवीकडे फिरवायची, ही पद्धत रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतल्या लष्करी हॉस्पिटलमधे बसवली, आणि ती फरशी, फुटपाथ यांच्यासाठी अप्रतिम आहे. मातीत बारीक टोक रुततं आणि मूठ पोटात बसते. गोल फिरणारं जाड टोक लावलं तर बरं, मी आता एका हातात ट्रेकिंगची काठी तोलासाठी आणि दुसरा हात गाइडला असं करते, पांढरी काठी घडी करून सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, रस्ता ओलांडायच्या आधी काढते म्हणजे गाडीवाल्यांना कळतं. आणि पुढे झडप असलेली टोपी हवीच, काठीला कमरेच्या वरचं काही कळत नाही, फांदी आधी टोपीला लागते मग कपाळाला. साधा चष्मा पण घाला, नंबर असो नसो, उरलेला डोळा वाचवायचाय आपल्याला.

गाइड डॉग घेऊन येता येतं, पण आधी सांगावं लागतं कारण वाटेत गुरं असतात. एक दादा घेऊन येतात, बहुतेक वेळ हार्नेस काढून कुत्र्याला फिरू देतात आणि स्वतः माणसाचं कोपर धरतात. बिल अर्विन या दृष्टिहीन माणसाने १९९० मधे ओरिएंट नावाच्या गाइड डॉगबरोबर अमेरिकेतला अ‍ॅपलाचियन ट्रेल हा लांबलचक डोंगरी मार्ग पूर्ण केला होता, तीन हजार किलोमीटरच्या वर, त्यामुळे अशक्य काही नाही. पण दादांचं म्हणणं असं की कुत्र्यालाही सुट्टी पाहिजे ना.

आता तक्रारी, आणि या मी त्यांना पण कळवल्यात. रूटचा नकाशा मेलमधे इमेज म्हणून यायचा, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर नुसतं ‘ग्राफिक’ म्हणून पुढे जायचा. ज्यांच्यासाठी वॉक आहे त्यांनाच नकाशा वाचता येत नाही. दोन वेळा लिहिल्यावर आता शब्दांत रूट येतो, किती किलोमीटरला काय, चढ कुठे, टॉयलेट कुठे, आणि तो इतका चांगला लिहिलेला असतो की दिसणारे गाइडसुद्धा तोच वापरतात. सुरुवातीच्या जागेपर्यंत पोचणं अजूनही अवघड आहे, वॉकमधे इतकी काळजी आणि तिथपर्यंतच्या शेवटच्या एक किलोमीटरचं तुमचं तुम्ही बघा, हे मला पटत नाही. स्टॉपवर एक माणूस घंटी घेऊन उभा केला तरी पुरे.

चौथ्या वॉकला ताई आली नव्हती, दुसरा नवीन मुलगा होता. चालताना छान होता, पण ब्रेकमधे न सांगता उठून गेला. मी पाच एक मिनिटं त्याला माझ्या आईबद्दल काहीतरी सांगत होते, मनातलं, आणि तिथे कुणी नव्हतं. हे छोटं वाटेल पण आम्हाला फार लागतं. जाताना ‘मी जातोय’, आल्यावर ‘मी आलो’, आणि जायच्या आधी आपला हात झाडाला, कठड्याला, कशाला तरी टेकवून द्यायचा, म्हणजे आपण अधांतरी उभे राहत नाही. मी त्याला सांगितलं, तो कसानुसा झाला, आणि पुढच्या वेळी त्याने इतर गाइडना ते शिकवलेलं मी कानांनी ऐकलं, त्यामुळे माझ्याकडून विषय संपला.

वेगाचा प्रश्न आहे. काही जण दृष्टी नसूनही तडतड चालणारे असतात, त्यांना हळू ग्रुपमधे कोंडल्यासारखं होतं. दोन ग्रुप करा असं बऱ्याच जणांनी सांगितलंय, गाइड वाढले की करू म्हणतात. जोराचा वारा असेल त्या दिवशी वॉक छोटा ठेवतात, ते योग्य आहे, वाऱ्यात कान बंद झाल्यासारखे होतात, पावलाचा आवाज परत येतच नाही, त्या दिवशी मी सगळ्यात जास्त आंधळी असते.

पण पावसाचं उलटं आहे, आणि माझी एकच मोठी तक्रार तिथे आहे. रिमझिम असली तरी वॉक कॅन्सल करतात. दोनदा केला. घसरण वाढते हे मान्य आहे, वीज वारा असेल तर प्रश्नच नाही. पण कोरड्या दिवशी लांबचं झाड माझ्यासाठी नसतंच, ते गप्प असतं. हलका पाऊस सुरू झाला की सगळं बोलायला लागतं, रुंद पानांवर टपटप, गवतावर नुसती सळसळ, पत्र्यावर ताडताड, डबक्यात टुबुक टुबुक, आणि मग कळतं की उजवीकडे वीस पावलांवर छप्पर आहे, त्याच्या मागे झाड आहे, समोर मोकळं आहे. पाचव्या वॉकला शेवटची पंधरा मिनिटं असा पाऊस आला आणि बाकी सगळे टोप्या ओढून घाईघाईने निघाले, मी आणि ताई मागे राहिलो, ती छत्री उघडायला लागली तर मी म्हटलं नको उघडूस, छत्रीवरच्या आवाजात बाकीचं बुडतं. तिने मिटली आणि आम्ही भिजत चाललो, आणि त्या पंधरा मिनिटांत ताईने मला काही सांगितलं नाही, मीच तिला सांगत होते कुठे काय आहे.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा स्टॉपवरच्या त्या एक किलोमीटरसाठी कापला. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी फोन येईल तेव्हा काहीही लपवू नका, रात्री दिसत नाही, शुगर आहे, गर्दीत घाबरायला होतं, बोललेलं आवडत नाही, सगळं सांगा, ते खरंच लिहून घेतात. पुढच्या महिन्याच्या वॉकला मी नाव दिलंय आणि फॉर्ममधे खाली वेगळं लिहिलंय की रिमझिम असेल तर कॅन्सल करू नका, ज्यांना यायचं नाही ते घरी राहतील, मी आणि ताई येतो. अजून उत्तर आलेलं नाही, आलं की इथे खाली टाकते.